शेतवस्तीवर बंदूक ठेवली तर घर खरंच सुरक्षित होतं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. शिरूर तालुक्यात गावापासून दोन किलोमीटर आत, उसाच्या रानात तुमची वस्ती आहे. घरात आई-वडील, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. शेजारच्या शिवारात नुकताच दरोडा पडला, म्हाताऱ्या माणसांना मारहाण झाली. उसात बिबट्याचा वावर आहेच. रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करावा असं तुमच्या मनात आहे, वहिनी नको म्हणतात. वडिलांच्या नावावर जुनी बारा बोअरची डबल बॅरल आहे, तिचं पुढं काय करायचं हेही तुम्ही विचारलंय.

माझी नोकरी पोलीस खात्यात, बहुतेक ग्रामीण ठाण्यांत झाली. शस्त्रपरवान्याच्या अर्जावर ठाण्याचा चौकशी अहवाल जातो, ते अहवाल मी केले. दरोड्यांचे, घरातल्या खुनांचे, आत्महत्यांचे पंचनामेही केले. अर्जात लोक जे कारण लिहितात आणि बंदूक घरी आल्यावर तिचं जे होतं, ते दोन्ही बघितल्यावर जे मत बनलं ते सांगतो.

तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत नवीन बंदूक घेऊ नका. वहिनींचं बरोबर आहे. पण नुसतं ‘नको’ म्हटल्यानं रात्रीची झोप परत येत नाही आणि तुमची भीती खोटी नाही, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

बंदूक चांगली की वाईट, या वादात मी पडत नाही. तुमच्यासाठी प्रश्न दोनच आहेत. दार फुटेल त्या घटकेला बंदूक तुमच्या हातात असेल का? आणि ती घटका येईपर्यंत, किंवा कधीच आली नाही तरी, ती बंदूक वर्षानुवर्षं घरात कोणाच्या हाताशी असेल?

पहिल्या प्रश्नासाठी वस्तीवरचा दरोडा कसा पडतो ते समजून घ्या. ही माणसं आधी पाहणी करून गेलेली असतात. बहुधा अंधारी रात्र, मध्यरात्रीनंतरची वेळ. पाच-सात जण असतात, हातात पहार, कटावणी, कोयता, गज. आधी शेजारच्या खोल्यांना बाहेरून कड्या घालतात, मग तुमच्या दाराचा कडी-कोयंडा उचकटतात किंवा सरळ दगड घालून दार पाडतात. उन्हाळ्यात तर माणूस ओट्यावर किंवा अंगणातच झोपलेला असतो, म्हणजे दाराचाही अडसर नाही. जाग येते तेव्हा छातीवर माणूस बसलेला असतो. दार फुटायला लागल्यापासून चोर पलंगाशी येईपर्यंत किती वेळ मिळाला, असं मी फिर्याद घेताना विचारायचो. ‘उठून बसायलाही वेळ मिळाला नाही’ हेच उत्तर पुन्हा पुन्हा यायचं.

एवढ्यात तुम्ही उठून, कपाटाची किल्ली शोधून, कुलूप काढून, काडतुसं भरून, अंधारात मुलं कुठं आणि चोर कुठं हे ओळखून बार काढणार? चांगल्या प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसालाही ते अवघड जातं. मी एका वस्तीवर पंचनाम्याला गेलो होतो, त्या घरात परवान्याची बंदूक होती. कपाट फोडलेलं, साड्या जमिनीवर पसरलेल्या, सोन्याचा रिकामा डबा उलटा पडलेला आणि बंदुकीची कापडी खोळ दारात टाकून दिलेली. दागिन्यांबरोबर चोरट्यांनी बंदूकही नेली होती. घरच्या कर्त्याला डोक्याला टाके पडले होते आणि तो दवाखान्यातून सोन्याआधी बंदुकीचं विचारत होता, कारण ती कुठं वापरली जाईल याची धास्ती त्याला होती. रास्तच होती.

आता दुसरा प्रश्न. परवान्याच्या चौकशीला घरी गेलो की अर्जदाराला विचारायचं असतं, शस्त्र ठेवणार कुठं? तो लोखंडी कपाट दाखवायचा. किल्ली कुठं असते, हे मात्र मी घरातल्या सगळ्यात लहान पोराला विचारायचो. ‘देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागं.’ ‘आजीच्या कमरेच्या पिशवीत.’ ‘पिठाच्या डब्यावर.’ पोराला सगळं माहीत असायचं आणि बापाचा चेहरा उतरायचा. तुमच्या घरी आज हे करून बघा. कपाटाची किल्ली कुठं आहे, एवढंच धाकट्याला विचारा.

इथं खरी अडचण आहे आणि तिच्यावर तोड नाही. बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या तुमच्याच गळ्यात, असं ठेवलंत तर घर त्या बंदुकीपासून बऱ्यापैकी सुरक्षित राहील, पण दरोड्याच्या वेळी ती उपयोगाची नाही. उशाखाली भरून ठेवलीत तर कदाचित वेळेला हाती येईल, पण मग ती रोज रात्री, रोज दुपारी मुलांच्या, रागावलेल्या माणसाच्या, खचलेल्या माणसाच्याही हाताशी असेल. अर्ज करणारा प्रत्येक जण मनात समजतो की आपल्याला दोन्ही साधेल.

हा फक्त माझ्या ठाण्यातला अनुभव नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या खरेदीची नोंद सरकारकडे होते. ती नोंद मतदार यादी आणि मृत्यूच्या नोंदींशी जोडून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ ते २०१६ या काळाचा अभ्यास केला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःकडे बंदूक नसलेले पावणेदोन कोटी प्रौढ त्यात होते. त्यांपैकी जे बंदूक बाळगणाऱ्याच्या घरात राहत होते, त्यांचा खून होण्याचा धोका बंदूक नसलेल्या घरातल्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून घरातच गोळी घालून मारलं जाण्याचा धोका तर सातपट, आणि त्यात बळी बहुतेक बायकाच. बाहेरून घुसलेल्या अनोळखी माणसाकडून मारलं जाण्यापासून बंदुकीनं घरच्यांना वाचवलं, असं मात्र त्या आकड्यांत कुठंही दिसलं नाही. बंदूक तर त्याच भीतीपोटी घेतलेली असते.

कोणी म्हणेल, ज्यांना आधीच धोका आहे तेच बंदूक घेतात, म्हणून आकडे तसे दिसतात. हा आक्षेप मी मानतो, अशा अभ्यासात तेवढी शंका राहतेच. कॅलिफोर्निया म्हणजे शिरूर नव्हे, हेही खरं. पण नवरा-बायकोच्या भांडणात हाताशी काय आहे त्यावर भांडणाचा शेवट ठरतो, हे समजायला मला कॅलिफोर्नियाला जावं लागलं नाही. आपल्याकडच्या घरगुती खुनांत बहुधा कुऱ्हाड, कोयता, पाटा, दांडकं असतं. कुऱ्हाड उगारल्यावरही मधे कोणी पडतं, हात धरतं, वार चुकतो, माणूस दवाखान्यात वाचतो. चाप ओढल्यावर मधे पडायला कोणाला वेळ मिळत नाही.

आणि यापेक्षाही ज्याची मला जास्त काळजी वाटते, त्याबद्दल अर्जदार कधी बोलत नाहीत. ती म्हणजे आत्महत्या. अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीनं सुमारे ४६,७०० माणसं मेली. बातम्यांत आपण शाळेतला, मॉलमधला गोळीबार बघतो, पण त्या मृत्यूंमध्ये सत्तावीस हजारांहून जास्त आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक. त्याच कॅलिफोर्नियातला २०२० चा दुसरा अभ्यास सांगतो की ज्या पुरुषांकडे पिस्तूल होतं त्यांच्यात बंदुकीनं आत्महत्या होण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या जवळजवळ आठपट होतं, आणि बायकांमध्ये पस्तीसपट. बाकी मार्गांनी होणाऱ्या आत्महत्या मात्र त्यांच्यात जास्त नव्हत्या.

‘ज्याला मरायचंच आहे तो काहीही करून मरतो’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मी ते मानत नाही. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे औषधाच्या डब्यावरून पटेल. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून जास्त घसरलं. माणसांची दुःखं, कर्जं संपली नव्हती. त्या वाईट घटकेला हाताशी जे होतं ते कमी जहाल झालं, आणि माणसं वाचली. इस्रायलच्या लष्करानं २००६ मध्ये जवानांना आठवडाअखेरच्या सुटीत रायफल घरी न्यायला मनाई केली, तर त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. तिथं तर सगळे शस्त्र चालवण्यात तरबेज, तरुण, तपासणी करून घेतलेले. ती घटका निघून गेली की बहुतेक माणसं परत जगायला लागतात. बंदूक घरात असली तर ती घटका निघून जात नाही, कारण त्यातून परत येता येत नाही. आमच्या खात्यातही सर्व्हिस रिव्हॉल्व्हरनं गेलेली माणसं मी ओळखत होतो. त्यांना शस्त्र कळत नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही.

म्हणून तुम्हाला सरळ विचारतो. उसाचं बिल थकलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, वडिलांचं दुखणं, पोराचा दहावी-बारावीचा निकाल, यांतलं काही तुमच्या घरात येणारच नाही असं आहे का? आत्ता घरात कोणी गप्प-गप्प असेल, जेवत-झोपत नसेल, तर बंदुकीचा विषय पूर्ण बाजूला ठेवा आणि आधी त्या माणसाशी बोला. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. स्वसंरक्षणाचा हक्क तुम्हाला आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवावर बेतलं, किंवा सूर्यास्तानंतर कोणी घर फोडून आत आलं, तर प्राणघातक बळ वापरण्यापर्यंत तो हक्क जातो. पण कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. चोर पाठ फिरवून पळत असताना गोळी घातलीत तर तुम्ही आरोपी होऊ शकता. आणि तुमचं सगळं बरोबर असलं तरी बंदूक जप्त होणार, प्रयोगशाळेत जाणार, जबाब होणार, तारखा पडणार. शिवाय निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, एकामागून एक. त्या काळात राखणीला बंदूक बऱ्याचदा घरात नसतेच.

बिबट्याचं तर अगदी वेगळं आहे. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्यानं प्रत्यक्ष झडप घातली आणि जीव वाचवायला मारला तर कलम ११ तुम्हाला वाचवतं, पण गोठ्याजवळ दिसला म्हणून गोळी घातलीत तर थेट तुरुंग. रिव्हॉल्व्हरनं अंधारात जखमी केलेला बिबट्या उसात शिरला तर सकाळी ऊस तोडायला येणाऱ्या बायाबापड्यांचं काय होईल, याचा विचार करा. बिबट्यासाठी बंदिस्त गोठा, संध्याकाळनंतर मुलांना एकटं न सोडणं, अंगणात उजेड, आणि वनविभागाचा १९२६ हा नंबर.

मग कोणीच बंदूक ठेवू नये का? तसं मी म्हणत नाही. बँकेच्या, कारखान्याच्या दारावर उभे राहणारे माजी सैनिक परवान्याच्या बारा बोअरवर घर चालवतात. त्यांचं ते कामच आहे, आणि ड्युटीवर ती बंदूक त्यांच्या हातातच असते. ज्याला ठरावीक माणसाकडून जिवाची धमकी आहे, ठाण्यात तशी नोंद आहे, जो नियमित सराव करतो, ज्याच्या घरात लहान मूल नाही, दारू नाही, त्याच्या अर्जावर मी अनुकूल अहवाल दिलाय. असे अर्ज कमी असतात. बरेच अर्ज रुबाबासाठी येतात, कारण मात्र ‘शेतीचे व स्वतःचे संरक्षण’ लिहिलेलं असतं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीड जिल्ह्यातल्या परवान्यांची चर्चा झाली, तेव्हा एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचं लोकांना कळलं. हवेत बार काढतानाचे, कमरेला पिस्तूल लावून मिरवतानाचे व्हिडिओ फिरले आणि मग परवाने रद्द व्हायला लागले. लग्नात, मिरवणुकीत असा बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक मिरवणाऱ्या माणसाचं घर मला कधी सुरक्षित वाटलं नाही. त्याच्याकडे बंदूक आहे हे सगळ्या पंचक्रोशीला, म्हणजे चोरालाही, माहीत असतं.

‘पण गुन्हे तर बेकायदा कट्ट्यानं होतात’ असंही कोणी म्हणेल. बरोबर आहे. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीसारख्या गावांतून येणारे गावठी कट्टे आम्ही पकडत आलो, आणि गोळी घालून झालेल्या खुनांत बहुतेक वेळा तेच निघतात. पण तुमच्या समोरचा प्रश्न राज्यातल्या गुन्हेगारीचा नाही, तुमच्या दोन खोल्यांचा आहे. तिथं परवान्याची बंदूकही तितकीच भरलेली असते.

आता करायचं काय? कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाची हलकी रिव्हॉल्व्हर काढली, खास बायकांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून. तिची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती. तेवढे पैसे तुम्ही खर्चायला तयार आहात असं धरतो. त्यातून पहिलं दार बदला. लाकडी दाराच्या पुढं लोखंडी जाळीचं दार, आतून आडवा अडसर, कोयंडा चौकटीत आरपार बसवलेला. दरोडेखोराला दहा मिनिटं जास्त लागली, आवाज झाला, की तो बहुधा सोडून देतो. दुसरं, उजेड. माणूस हलला की पेटणारे सौर दिवे वस्तीच्या चारही बाजूंना लावा, लाईट गेली तरी चालतील असे. तिसरं, कुत्री. एक नको, दोन ठेवा, आणि रात्री मोकळी सोडा. बिबट्याचा वावर आहे म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला.

सोनं घरात ठेवू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी ऐकलं जाणारं. वस्तीवर दरोडा पडतो तो ‘अमक्याकडे ऊसबिल आलंय’, ‘तमक्याच्या मुलीचं लग्न आहे, दागिने केलेत’ या बातमीवर. अंगावरचं डोरलं सोडून बाकी लॉकरमध्ये ठेवा, आणि ठेवलंय हे चार लोकांना कळू द्या.

आणि गावाची ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे का बघा. एका टोल-फ्री नंबरवर फोन केला की नोंद असलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर तुमच्याच आवाजातला निरोप एकाच वेळी जातो. पुणे, नगर, नाशिक भागात ती बऱ्याच गावांत सुरू झाली आहे, पण अनेक ठिकाणी नोंदणी अर्धवट पडलीय. पोलीस पाटलांना भेटा, वस्तीवरच्या प्रत्येकाचा नंबर घाला, आणि महिन्यातून एकदा चाचणी घ्या. ११२ ला फोन केला तरी आमची गाडी दोन किलोमीटर आतल्या वस्तीवर पोहोचायला वेळ लागतोच. शेजारच्या वस्तीवरची आठ माणसं बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन ओरडत त्याआधी पोहोचतात. दरोडेखोरांना पळवलंय ते बहुतेक वेळा अशाच माणसांनी. ठाण्यात जाऊन रात्रीच्या गस्तीत तुमची वस्ती घ्या म्हणून लेखी अर्जही द्या. लेखीच द्या, पोच घ्या.

राहिली वडिलांची डबल बॅरल. परवान्याची मुदत आज तपासा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो. मुदत संपून बंदूक घरात तशीच पडली असेल तर ती बेकायदा आहे आणि त्रास वडिलांना होईल. अशा वेळी शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायची असते. परवाना चालू असेल, आणि वडील सत्तरीचे झाले असतील किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून असतील, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ते हयात असतानाच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. आजोबांपासूनची वस्तू आहे, मन निघत नाही, हे मी समजतो. पण जुनी बारा बोअर पावसाळ्यात दमट कोठीत पडून राहते, नळीला गंज धरतो, काडतुसं फुगतात, आणि ‘चालत नाही ती’ म्हणत घरचे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. गंजलेल्या बंदुकीचाही बार उडतो. काडतुसं मोजून परवान्यावरच्या नोंदीशी ताडून बघा, जास्त-कमी असतील तर तसं लिहून द्या. विकायची असेल तर जिल्हादंडाधिकारी कार्यालयातून परवानगी घेऊन परवानाधारक विक्रेत्यालाच विका, ओळखीच्या कोणाला हातोहात देऊ नका. जमा करायला जाताना आधी ठाण्यात फोन करून कळवा, बंदूक रिकामी करून, खोळीत घालून, काडतुसं वेगळ्या पिशवीत न्या, आणि वडिलांना बरोबर घ्या. पावती वडिलांच्याच नावानं करून घ्या आणि परवान्याच्या पुस्तकात जमा केल्याची नोंद ठाण्याच्या शिक्क्यासह आहे ना, हे तिथंच बघून मग निघा.